भाव घसरला, पण कंपनी उभी आहे का?

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या जी ब्लॉकमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराची इमारत आहे आणि बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी'चे मुख्यालयही. याच ब्लॉकमध्ये कोटक महिंद्रा बँकेचे मुख्यालय आहे आणि आयएल अँड एफएस समूहाने बांधलेली इमारतही. या दोन्ही घरांच्या शेअरचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळले आणि दोन्ही वेळा 'चांगली कंपनी स्वस्तात मिळते आहे, घेऊन टाका' हाच सल्ला कानावर आला. एका ठिकाणी तो खरा ठरला, दुसऱ्या ठिकाणी ज्यांनी ऐकला त्यांचे पैसे गेले. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस २६,२७७ चा उच्चांक गाठल्यावर निफ्टी सलग पाच महिने उतरत गेला, तेव्हा हाच सल्ला पुन्हा घरोघरी पोहोचला. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती, २०२४ संपेपर्यंत ती अठरा कोटींच्या पुढे गेली. म्हणजे हा सल्ला ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मोठी मंदी पाहिलेलीच नाही. घसरणीत उत्तम कंपनीचे शेअर घ्यावेत, हे तत्त्व मला मान्य आहे. पण त्यातला अवघड शब्द 'घसरण' नाही, 'उत्तम' आहे. आणि तो ओळखण्यासाठी बहुतेक लोक जो प्रश्न विचारतात, तोच चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. भाव किती पडला, हे विचारून काही हाती लागत नाही. ही पडझड सोसायला कंपनीला दुसऱ्याच्या पैशाची गरज लागणार आहे का, हे विचारावे.

कोटक बँकेचे प्रकरण नीट पाहण्यासारखे आहे. २४ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५-अ खाली आदेश काढला: ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक जोडायचे नाहीत, नवी क्रेडिट कार्डे द्यायची नाहीत. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांच्या तपासणीत बँकेच्या माहिती तंत्रज्ञान व्यवस्थेत गंभीर त्रुटी आढळल्या होत्या, त्या वेळेत दुरुस्त झाल्या नव्हत्या आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेला सेवा बंद पडून ग्राहकांची गैरसोय झाली होती. दुसऱ्या दिवशी शेअर जवळपास ११ टक्के कोसळून १,६४३ रुपयांवर बंद झाला. ३० एप्रिलला सहव्यवस्थापकीय संचालक के. व्ही. एस. मणियन यांनी राजीनामा दिला आणि भाव आणखी उतरला. आता याच बातमीच्या शेजारी बँकेने त्यानंतर काही दिवसांतच जाहीर केलेले मार्चअखेरचे आकडे ठेवा. भांडवल पर्याप्तता २०.५ टक्के, म्हणजे नियमाने लागते त्यापेक्षा कितीतरी अधिक. ढोबळ अनुत्पादित कर्जे १.३९ टक्के. त्या एका तिमाहीचा नफा चार हजार कोटींच्या वर. आदेशातही जुन्या ग्राहकांची सेवा, अगदी त्यांची क्रेडिट कार्डेसुद्धा, चालू राहतील असे स्पष्ट लिहिले होते. दोष खरा होता, लाजिरवाणाही होता, पण तो दुरुस्त करायला बँकेला कोणाकडे हात पसरावा लागणार नव्हता. पैसा होता, वेळ होता, ठेवीदार जागेवर होते. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध उठले तेव्हा त्या वेळच्या भावाने शेअर १,९०० च्या पुढे होता. त्याच काळात निफ्टी जेमतेम दोन टक्के वाढला होता.

आता आयएल अँड एफएस. मूळ कंपनी बाजारात नोंदलेली नव्हती, पण तिची रस्ते बांधणारी उपकंपनी, आयएल अँड एफएस ट्रान्सपोर्टेशन नेटवर्क्स, नोंदलेली होती. २०१० मध्ये २५८ रुपयांना तिचा शेअर जनतेला विकला गेला. काम कच्चे नव्हते. जम्मू-काश्मीरमधला चेनानी-नाशरी बोगदा याच कंपनीने बांधला आणि एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. समूहात भारतीय आयुर्विमा महामंडळ आणि स्टेट बँकेसारखे भागधारक होते. २०१८ च्या मध्यापर्यंत मूळ कंपनीचे पतमानांकन 'एएए' होते, म्हणजे सर्वांत सुरक्षित. वरवर पाहणाऱ्याला इथे गुणवत्तेची सगळी लक्षणे दिसली असती: मोठे नाव, मोठे भागधारक, डोळ्यांना दिसणारे काम. पण रस्त्याचा पैसा टोलमधून वीस-पंचवीस वर्षांत परत येतो आणि तो रस्ता बांधायला घेतलेली पुष्कळशी उधारी काही महिन्यांत फेडायची होती. जुनी उधारी फेडायला नवी उधारी मिळत राहिली, तोवर सगळे सुरळीत दिसत होते. ती मिळेनाशी झाली आणि जून २०१८ पासून हप्ते चुकू लागले. सप्टेंबरच्या मध्याला मानांकन 'एएए'वरून घसरत थेट 'डी'वर, म्हणजे 'थकबाकीदार' या पायरीवर गेले. १ ऑक्टोबरला केंद्र सरकारने संचालक मंडळ बरखास्त केले आणि नव्या मंडळाच्या अध्यक्षपदी कोटक बँकेच्याच उदय कोटक यांना नेमले. समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचे कर्ज निघाले. रस्तेवाल्या कंपनीचा शेअर पुढे काही रुपयांवर आला आणि तिथून उठलाच नाही.

हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो २१ सप्टेंबर २०१८ या शुक्रवारी. त्या दिवशी डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचा शेअर ६१० रुपयांवरून ३५१ वर आला. एका दिवसात ४२ टक्के! निमित्त काय, तर एका म्युच्युअल फंडाने तिचे अल्प मुदतीचे रोखे चढ्या व्याजदराने, म्हणजे पडत्या किमतीत विकले होते. कंपनीने एकही हप्ता चुकवलेला नाही, असे व्यवस्थापनाने तातडीने सांगितले आणि त्या दिवशी ते खरेही होते. पुष्कळांनी सोमवारी सकाळी खरेदी केली. साडी सेलमध्ये निम्म्या किमतीला घेतली तरी साडी तीच राहते, तिचे सूत काही बदलत नाही. या कंपनीचे तसे नव्हते. ती वीस वर्षांची गृहकर्जे वाटत होती आणि त्यासाठी लागणारा बराचसा पैसा बाजारातून थोड्या मुदतीने उचलत होती. शेअर कोसळला हे पाहून कर्ज देणारे सावध झाले, त्यांनी मुदत वाढवून द्यायचे नाकारले आणि भावाच्या घसरणीनेच कंपनीचा श्वास कोंडला. पुढे तपासात कर्जवाटपातल्या गंभीर गैरव्यवहारांचे आरोप समोर आले ते वेगळेच. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कंपनी पिरामल समूहाकडे गेली आणि जून २०२१ मध्ये जुने शेअर शून्य किमतीने बाजारातून काढून टाकण्यात आले. तीनशेला घेतलेला असो की पंधराला, प्रत्येक भागधारकाच्या हाती सारखेच शून्य आले.

म्हणून मी कंपन्यांचे दोन वर्ग मानतो. काहींच्या बाबतीत शेअरचा भाव निम्मा झाला तरी कारखान्यात, दुकानात, ग्राहकाच्या घरात काहीच बदलत नाही. काहींच्या बाबतीत भाव पडणे हीच आजाराची सुरुवात असते, कारण उद्याचा धंदा उद्या मिळणाऱ्या उधारीवर उभा असतो. नेस्ले इंडिया पहिल्या वर्गातली. ५ जून २०१५ रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मॅगीवर बंदी घातली आणि देशभरातून माल परत मागवून नष्ट करावा लागला. त्या तिमाहीत कंपनीने ६४ कोटींचा तोटा दाखवला, जो तिच्याकडून कोणी अपेक्षिलेलाच नव्हता. पण कंपनीवर कर्ज जवळपास नव्हते. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून पुन्हा चाचण्या घ्यायला सांगितले, नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानांत परतली. मधल्या काळात तिला कोणा सावकाराची मनधरणी करावी लागली नाही. बँका या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतात, कारण ठेव हीही उधारीच. जी ब्लॉकच्या जवळच मुख्यालय असलेल्या आयसीआयसीआय बँकेने हे २००८ मध्ये अनुभवले. लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर अफवा उठल्या, एटीएमसमोर रांगा लागल्या आणि ३० सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले की या बँकेकडे पुरेशी रोकड आणि भांडवल आहे. जानेवारी २००८ मध्ये चौदाशेच्या वर असलेला शेअर मार्च २००९ मध्ये तीनशेच्या खाली होता, २०१० अखेर पुन्हा हजारावर. तिथे भांडवल होते म्हणून अफवा अफवाच राहिली. तशीच अफवा भांडवल तोकडे असलेल्या बँकेबद्दल उठली असती तर ती खरी व्हायला आठवडाही पुरला असता.

यावर पहिला आक्षेप येईल की हे सगळे घडून गेल्यावरचे शहाणपण आहे. आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर येस बँकेच्या कागदांत आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये चारशेच्या आसपास असलेला हा शेअरही त्याच २१ सप्टेंबरला सुमारे २९ टक्के कोसळला, कारण संस्थापक राणा कपूर यांना रिझर्व्ह बँकेने पूर्ण मुदतवाढ नाकारली होती. त्यानंतर दीड वर्ष भाव उतरत राहिला आणि सामान्य गुंतवणूकदार घेत राहिला. मोठे गुंतवणूकदार बाहेर पडत होते आणि लहान भागधारकांचा वाटा तिमाहीगणिक वाढत होता. दोनशेला घेतलेला शंभराला, शंभराला घेतलेला पन्नासला 'ॲव्हरेज' करायचा, असे चालले होते. मार्च २०२० मध्ये पैसे काढण्यावर ५० हजारांची मर्यादा आली आणि जुलैमध्ये बँकेने नवे शेअर १२ रुपयांना विकले. हे आधी कळण्याजोगे होते का? होते. २०१५-१६ च्या हिशेबात बँकेने अनुत्पादित कर्जे ७४९ कोटी दाखवली होती, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ती ४,९२६ कोटी निघाली. पुढच्या वर्षीही ६,३५५ कोटींची तफावत आली. हे दोन्ही आकडे बँकेने स्वतः २०१७ मध्ये जाहीर केले, म्हणजे शेअर चारशेला पोहोचण्याच्या सुमारे वर्षभर आधी. जी बँक सलग दोन वर्षे बुडीत कर्जे कमी दाखवते तिला उत्तम म्हणायचेच नाही, हा निर्णय तेव्हाच घेता आला असता आणि मग पुढच्या कोणत्याही घसरणीत मोह झाला नसता. आयएल अँड एफएसच्या बाबतीत मानांकन संस्थांनी गुंतवणूकदारांची दिशाभूल केली हे मान्य करावेच लागेल, त्यांचे अपयश अक्षम्य आहे. पण मानांकन हे दुसऱ्याने दिलेले प्रमाणपत्र. कर्ज किती, ते कधी फेडायचे आणि धंद्यातून रोख किती येते, हे ताळेबंदात आणि रोकड प्रवाहाच्या तक्त्यात छापलेले असते. कंपनीची परीक्षा भाव चढा असताना करून ठेवावी लागते. घसरणीच्या गदारोळात ताळेबंद वाचायला बसलेला माणूस आपल्या मनात आधीच ठरलेल्या खरेदीसाठी कारणे शोधत असतो.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो: कंपनी उत्तम, कर्ज नाही, घसरणही मोठी, तरी पैसे वर्षानुवर्षे जागच्या जागी राहू शकतात. इथे कोटकचेच उदाहरण माझ्या विरुद्ध उभे राहते. २०१९ च्या अखेरीस हा शेअर १,६८४ रुपयांना होता, म्हणजे सव्वाचार वर्षांनी निर्बंधांनंतर जो भाव आला त्यापेक्षाही किंचित वर. बँकेचा नफा या काळात भरपूर वाढला, भागधारकाच्या पदरात मात्र वाढ पडली नाही, कारण सुरुवातीलाच त्याने गुणवत्तेची अवाजवी किंमत मोजली होती. संकुलापासून जवळच, सांताक्रूझ पूर्वेला मुख्यालय असलेली एशियन पेंट्स हे त्याहून कठीण कोडे आहे. २०२२ च्या सुरुवातीला शेअर साडेतीन हजारांच्या वर, २०२५ च्या सुरुवातीला २,२०० ते २,३०० च्या घरात. सप्टेंबर २०२४ च्या तिमाहीत नफा ४२ टक्क्यांनी घटून ६९५ कोटींवर आला. कर्जाचा प्रश्न नाही, भाव पडल्याने कंपनीचे काही अडत नाही. माझ्या कसोटीवर ती बिनचूक उतरते. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रासिमने 'बिर्ला ओपस' घेऊन रंगाच्या बाजारात पाऊल ठेवले होते. मागणी मंदावल्याने नफा घटला असेल तर तो परत येईल. बलाढ्य प्रतिस्पर्धी कायमचा आला म्हणून घटला असेल, तर जुना नफा आणि जुना भाव दोन्ही परत येतीलच असे नाही. म्हणून माझी कसोटी एवढेच सांगते की कंपनी टिकेल. ती किती कमावेल आणि त्या कमाईसाठी किती मोजावे, हा हिशेब स्वतंत्र करावा लागतो. कमाईच्या साठ-सत्तर पट भावाला विकला जाणारा शेअर तीस टक्के उतरला तरी तो स्वस्त झाला असे होत नाही. फरक इतकाच की इथे चूक झाली तर वाट पाहावी लागते. डीएचएफएलसारख्या ठिकाणी चूक झाली तर वाट पाहायला काही उरत नाही.

कंपनीला विचारायचा तोच प्रश्न गुंतवणूकदाराने स्वतःलाही विचारायला हवा. घसरण सोसायला मला दुसऱ्याच्या पैशाची गरज आहे का? आज ब्रोकरच्या ॲपवर एक बटण दाबले की शेअरच्या किमतीचा काही भाग आपण भरायचा, उरलेला ब्रोकर व्याजाने देतो. भाव आणखी उतरला की वाढीव मार्जिनचा तगादा येतो आणि पैसे भरता आले नाहीत तर शेअर विकले जातात, नेमके सर्वांत खालच्या भावाला. अशा माणसाची कंपनीची निवड शंभर टक्के बरोबर असली तरी तो बुडतो. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात १३ टक्के कोसळून ७,६१० वर बंद झाला. नोव्हेंबरमध्ये तो जानेवारीतल्या उच्चांकाच्या वर होता. हे आठ महिने ज्याला थांबता आले, त्याचे नुकसान कागदावरच राहिले. ज्याचा पगार अर्ध्यावर आला होता, घराचा हप्ता चालू होता आणि बचत सगळी शेअरमध्ये होती, त्याला थांबता आले नाही. आणि आठ महिने हा फारच दयाळू हिशेब. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स २०१० च्या दिवाळीत तिथे पोहोचला खरा, पण तिथे टिकून पुढे सरकायला २०१३ चे शेवटचे महिने उजाडले. मुलीचे शिक्षण, आईचे ऑपरेशन, घराचा हप्ता यांसाठी लागणारा पैसा पाच-सहा वर्षे हलवता येणार नाही अशा ठिकाणी ठेवायचा नसतो, मग कंपनी कितीही उत्तम असो. लहान गुंतवणूकदाराला मोठ्या फंडांपेक्षा एक गोष्ट खरोखर अधिक मिळालेली आहे: त्याला दर तिमाहीला कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. व्याजाने घेतलेल्या पैशावर शेअर घेतले की ती एकुलती एक जमेची बाजूही तो गमावतो.

मग निर्देशांकाचा फंड घ्यावा, दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकावी, ही उठाठेव करायचीच कशाला, असे कोणी म्हणेल. बहुसंख्य कुटुंबांसाठी हा सल्ला बरोबर आहे आणि त्याच्या विरोधात मला काही म्हणायचे नाही. येस बँक निफ्टीमधून बाहेर गेली तेव्हा निर्देशांक फंडवाल्याला त्याची झळ नावापुरतीच बसली. पण लोक शेअर निवडतातच. निवडणार आहेत आणि घसरणीत तर हमखास निवडणार आहेत, त्यामुळे 'करू नका' एवढे सांगून जबाबदारी संपत नाही. निवडायचेच असेल तर कशाच्या आधारे, हे सांगायला हवे आणि तो आधार त्यांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवायला हवा.

इथे माझी तक्रार नियामकांकडे आहे. प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला तिमाही निकाल सर्वसाधारणपणे ४५ दिवसांत द्यावे लागतात, ताळेबंद आणि रोकड प्रवाह सहा महिन्यांनी, प्रवर्तकांनी आपले किती शेअर गहाण टाकले हे दर तिमाहीला. निकालाची जाहिरात एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात छापणे बंधनकारक असल्याने मुंबईतल्या कंपन्यांचे आकडे वर्षानुवर्षे मराठी वर्तमानपत्रांत येत आले. आता जाहिरातीत क्यूआर कोड देऊन काम भागवता येते आणि तो कोड उघडला की समोर येतो तो अनेक पानांचा इंग्रजी दस्तऐवज. जे चार आकडे घसरणीच्या दिवशी खरोखर लागतात, म्हणजे एकूण कर्ज, त्यातले येत्या बारा महिन्यांत फेडायचे किती, धंद्यातून आलेली रोख आणि प्रवर्तकांचे गहाण शेअर, ते त्या जाहिरातीतच, मराठीत, ठळक अक्षरांत छापायला लावणे 'सेबी'ला अवघड नाही. त्यासाठी नवी माहिती गोळा करावी लागत नाही, ती शेजारच्याच इमारतीत राष्ट्रीय शेअर बाजाराकडे दर तिमाहीला किंवा सहामाहीला येऊन पडते. गुंतवणूकदार जागृतीच्या जाहिरातींवर होणाऱ्या खर्चातला छोटा हिस्सा याला पुरेल. पुढची मोठी पडझड केव्हा येईल हे कोणालाच सांगता येत नाही, पण ती येईल तेव्हा २१ सप्टेंबर २०१८ ला डीएचएफएल घ्यायला निघालेल्या माणसासारख्याच लाखो माणसांच्या हातात मोबाइल असेल. तोपर्यंत हे चार आकडे त्यांच्या भाषेत छापले जायला हवेत.